फळ्याचा फोटो

फळ्यावर लिहून झालं की वर्गातले मोबाइल वर होतात, फोटो निघतो आणि वह्या कोऱ्याच राहतात. मला याचा फार राग यायचा. लिहायचा कंटाळा, दुसरं काय, असं वाटायचं. मागच्या सत्रात एका मुलीला त्यावरून सगळ्यांसमोर बोलले. तास संपल्यावर ती थांबली. "मॅडम, मला इथून अक्षरं दिसतच नाहीत. फोटो मोठा करून वाचते." दोन वर्षं तिचं असंच चाललं होतं. डोळे तपासले, तर दोन्हीकडे उणे अडीच नंबर. तिला रागावल्याची खंत अजून जात नाही.

हातातल्या मोबाइलवर सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून लांबचं दिसत नाही हे मुलांना कळतच नाही. शिवाय "अठरानंतर नंबर थांबतो" हा समज. तो सगळ्यांचा थांबत नाही, विशीतही वाढू शकतो.

"मोबाइल बघू नका" असं मी मुलांना सांगणार नाही. नोट्स, असाइनमेंट, सूचना सगळं आपणच त्यावर टाकतो. मी बोलते ते अंतराबद्दल. पुस्तक आपण साधारण 40 सेंटिमीटरवर धरतो, अंथरुणात पडल्यापडल्या मोबाइल 20 वर येतो. अंतर निम्मं झालं की जवळचं स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याला दुप्पट जोर लावावा लागतो, अडीचऐवजी पाच डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात ते एकक). तासन्‌तास असं चाललं की आतला स्नायू आवळलेलाच राहतो आणि मान वर केली की समोरचं थोडा वेळ धूसर दिसतं. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सहा मीटरपलीकडे बघा म्हणतात ते यासाठी. त्यात पापण्या. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवतात, स्क्रीनसमोर निम्म्याहून कमी, त्याही अर्धवट. अश्रूंचा थर वाळतो, मग चुरचुर आणि चोळणं.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात डोळ्यांचा थकवा कमी करण्यात त्यांचा साध्या भिंगांपेक्षा विशेष फायदा दिसला नाही. मुलं त्यावर पैसे घालतात आणि नंबर तपासायचा राहूनच जातो.

दिवसाउजेडी बाहेर पडणंही आपण विसरलोय. खोलीत काहीशे लक्स उजेड असतो, बाहेर ढग असले तरी हजारोंनी. लहान मुलांमध्ये बाहेरच्या उजेडाने नंबर लागण्याचं प्रमाण घटतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मोठ्यांसाठी तितक्या खात्रीने म्हणणार नाही, पण बाहेर नजर आपोआप लांब जाते, एवढंही पुष्कळ आहे.

या सत्राच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एकमेकांशी संबंध नसलेले दहा शब्द लिहिले आणि मोबाइल बाजूला ठेवून वहीत उतरवायला सांगितले. वह्या गोळा केल्या. पाच जणांचे शब्द चुकले होते. प्रत्येकाशी एकेकटं बोलले. तिघांनी डोळे तपासून घेतले. दोघं अजून टाळतायत, त्यांच्या मागे लागले आहे.