शेक घेण्याआधी दात दाखवा
कॅन्सरच्या शेकाच्या (म्हणजे रेडिएशनच्या) त्रासांवरच्या या लेखात शेकाने तोंड येतं, चव जाते हे सगळं आलंय पण दातांचं राहिलंच की. माझ्या काकांना गालाचा कॅन्सर (तंबाखू, दुसरं काय), शेक संपल्यावर लाळच सुटेना, भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय उतरायची नाही आणि वर्षभरात दात हिरडीपाशी काळे पडून तुकडे पडायला लागले. बरं काढून टाकावेत तर तेही अवघड, शेक बसलेल्या जबड्याला रक्तपुरवठा कमी, जखम भरत नाही, हाड उघडं पडून सडू शकतं, आणि हा धोका कायमचाच. म्हणून खराब दात शेकाच्या निदान 2 आठवडे आधी काढतात, नंतर रोज फ्लोराइड जेल. आम्हाला आधी कोणी बोललंच नाही, राग त्याचाच येतो.