बोहारीण चालते, कात्री चालत नाही

भाचीने आजीच्या जुन्या पैठणीचं जॅकेट शिवलं, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि परवापासून सगळे तिच्यावर तुटून पडलेत. पैठणीला कात्री लावतात का, संस्कृती म्हणून काही आहे की नाही, आणि मग नेहमीप्रमाणे गाडी माझ्यावर: "हिच्याकडूनच शिकली, ही लंडनला मेलेल्या माणसांचे कपडे घालून फिरते."

हो, फिरते. चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, नाहीतर रविवारी ब्रिक लेनच्या बाजारात ढीग उचकत बसते. माझा सगळ्यात लाडका कोट युद्धाच्या काळातला आहे, आत सीसी४१ चा शिक्का, म्हणजे तेव्हाच्या सरकारी नियमांप्रमाणे शिवलेल्या कपड्यांची खूण. १९४१ ते १९४९ इथे कपड्यांवर रेशन होतं, कूपनं मोजून घ्यायचे, खिसे किती, बटणं किती, चुण्या किती यावर पण सरकारी बंधनं, मग शिंप्यांनी सगळा जीव बेतण्यात ओतला. खांदे असे बसतात की खाली साधी जीन्स असली तरी माणूस नीटनेटकं दिसतं. माझी स्टाईल काय ती एवढीच, अंगावर एक जुनी वस्तू आणि बाकी सगळं साधं, नाहीतर नाटकातलं पात्र वाटतं. भाचीनेही जॅकेट काळ्या पँटवर घातलंय म्हणून तर झकास दिसतंय.

आता संस्कृतीचं. ती पैठणी घडीवर चिरलेली होती, नेसायला काढली असती तर हातातच आली असती. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं की तेच होतं, मधूनमधून घडी बदलायला लागते, पण ते कोण करणार! आणि लुगड्यांच्या गोधड्या केल्या, बाळांची दुपटी केली, ती काय कात्री न लावता? बरं बोहारीण? चांदीच्या जरीची लुगडी दारात बसून स्टीलच्या डब्यांवर दिली, वर घासाघीस करून एक चमचा जास्तीचा घेतला, आणि पुढे ती जर जाळून चांदी काढतात हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा कुणाची संस्कृती बुडाली नाही.

इथे बायका आजीचा ब्लाउज इंटरव्ह्यूला घालून जातात आणि वर कौतुकाने सांगतात. (कपडे ढिगाने फेकतातही इथेच, पण तो विषय आत्ता नको.)

खरं सांगू का, ऑफिसात कोटाचं कौतुक झालं की पुढचा प्रश्न येतो, कुणाचा होता गं? मी म्हणते, दुकानातला. शेजारच्या टेबलवालीच्या अंगात तिच्या सख्ख्या आजीचं कार्डिगन असतं. मी कुठल्यातरी अनोळखी म्हातारीच्या मापाचे खांदे चढवून ट्यूबमध्ये ऐटीत उभी असते, कारण माझ्या आजीचं माझ्याकडे काहीच नाही. टोप आहे एक, आईकडे, त्यात पोहे भिजवतात.

तर मावशी, तुझ्या ट्रंकेतलं निळं इरकल कुणालाही द्यायचं नाही. लाल पदर पाठीवर येईल असा लांब कोट शिवणार आहे मी त्याचा, अस्तर लावून. शिव्या काय द्यायच्या त्या डिसेंबरात आले की तोंडावर द्या सगळ्यांनी, पोरीला सोडा.