एकाच तारखेचे दोन दिवस

ग्रंथालयाच्या फळ्यावर काय लिहिलंय ते कट्ट्यावर सगळ्यांनी वाचलंच होतं. न वाचून जाणार कुठे? गजाने पहाटे पाचलाच फुलांची रांग लावून ते सगळ्या ग्रुपांवर टाकलं होतं. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस, दोघंही २३ एप्रिल १६१६ ला गेले.

"काय योगायोग आहे बघा!" गजा.

"योगायोग कसला, घोटाळा आहे," सुमनताई म्हणाल्या. "स्पेनने १५८२ मध्येच नवं ग्रेगरी कॅलेंडर घेतलं, इंग्लंड जुन्या ज्युलियनवरच राहिलं, दहा दिवस मागे. शेक्सपिअरचा २३ एप्रिल म्हणजे माद्रिदमधला ३ मे. शिवाय सर्व्हान्टिसच्या दफनाची नोंद २३ ची आहे, मृत्यू बहुतेक अभ्यासक २२ चा धरतात."

"म्हणजे माझा मेसेज चूक?"

"तुझा बरोबर कधी होता?" निख्या म्हणाला. "मागे बापूंना जिवंतपणी श्रद्धांजली वाहिलीस."

"हार घेऊन घरी आला होता," बापू म्हणाले. "दार मीच उघडलं. तरी चहा पिऊनच गेला."

गजावर अशा गोष्टींचा परिणाम होत नाही. त्याने फोन काढला. "सोपं आहे मग. जुन्या तारखांत सरसकट दहा मिळवायचे. पानिपत, २४ जानेवारी!"

"ठेव तो फोन खाली," ताई म्हणाल्या. " इंग्रजांनी १७५२ च्या सप्टेंबरात कॅलेंडर बदललं. बुधवार २ तारखेनंतर थेट गुरुवार १४. पानिपत त्यानंतरचं, १७६१ चं. १४ जानेवारी, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. त्याला हात लावायचा नाही. आणि दहाचा आकडाही कायमचा नाही. १७०० साल ज्युलियनमध्ये लीप, ग्रेगरीत नाही, म्हणून त्या फेब्रुवारीनंतर फरक अकराचा. १८०० नंतर बाराचा, १९०० नंतर तेराचा. म्हणून तर रशियातली ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला येते."

बापूंचा चेहरा पडला होता, पण कारण वेगळं. "पानिपतावर संक्रांत कोसळली म्हणतात, ते तरी खरं ना?"

"नाही हो बापू. संक्रांत १४ ला, ही आपल्या काळातली गोष्ट. संक्रांतीचं निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेलं, वर्ष ३६५.२५६४ दिवसांचं, ग्रेगरी ३६५.२४२५ चं. साधारण ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. शतकाच्या वर्षी लीप गाळलं की आणखी हलते, मधे लीप आलं की मागे येते, पण एकूण ओढ पुढेच. विवेकानंद जन्मले १२ जानेवारी १८६३ ला, तेव्हा संक्रांत त्याच दिवशी होती. १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. त्या उपाशी फौजेला त्या दिवशी कोणता सण नव्हता."

बापू थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

मग विषय रायगडावर गेला. मला विचाराल तर अख्ख्या संध्याकाळचं सार इथेच आहे. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन, गडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या कॅलेंडरची. ग्रेगरीने १६ जून. वार शनिवार. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्यातली तिथीवार नोंदींची जुनी यादी, मात्र शुक्रवार, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी सांगते.

"म्हणजे शकावली चुकली!" गजाला आयतीच संधी.

"कोणीच चुकलेलं नाही. शकावली पुढे काय म्हणते? तीन घटिका रात्र उरली तेव्हा महाराज सिंहासनावर बसले. घटिका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटं होती. आपला वार सूर्योदयाला बदलतो, तोवर शुक्रवारच. साहेबाचा शनिवार मध्यरात्रीच लागलेला. शुक्रवारच्या सूर्योदयाला द्वादशी होती म्हणून दिवसाची तिथी तीच, प्रत्यक्ष त्या पहाटे त्रयोदशी चालू होती. दोन्ही तिथी छापलेल्या सापडतात त्या यामुळे."

"मग पडताळायचं कसं?" निख्याने विचारलं.

"वाराने. कॅलेंडर बदलताना तारखा गाळल्या, वार नाही गाळला. शिवजन्म घे. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. शकात ७८ मिळवायचे, पण फाल्गुन म्हणजे इंग्रजी वर्ष उलटलेलं, तेव्हा ७९. आलं १६३०. आता फोनवर १९ फेब्रुवारी १६३० टाक."

"मंगळवार दाखवतोय."

"कारण फोन ग्रेगरीच मागे नेतो. १ मार्च टाक."

"शुक्रवार!" निख्या उठूनच उभा राहिला. गजाने तोवर ७८ मिळवून १६२९ काढलं होतं आणि शासनाला पत्र लिहायची भाषा सुरू केली होती.

कागद कोणाचा हे आधी बघा, यावर ताई अडून होत्या आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. सुरतेची पहिली लूट घ्या. इंग्रजांच्या हिशेबाने महाराज सुरतेला पोचले ६ जानेवारीला, डचांच्या कॅलेंडरने तोच दिवस १६ जानेवारी. आणि इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणून आपण १६६४ म्हणतो ते त्यांच्या लेखी अजून १६६३. गोव्याचे पोर्तुगीजही ग्रेगरीवालेच, तेव्हा गोव्याच्या आणि मुंबईच्या पत्रांवर एकच तारीख असली तरी मधे दहा दिवस. फारसी कागद आला तर हिजरी दिवस आदल्या सूर्यास्तालाच सुरू झालेला. तारखेपुढे ज्युलियन की ग्रेगरी एवढा एक शब्द लिहिला, तर दिनविशेषाचा फळा काही लहान पडत नाही.

गजाला हे पटलं की तो कंटाळला, कळायला मार्ग नाही. तो उठला तसा टपरीवाले अण्णा वही घेऊन आले.

"देतो अण्णा, पुढच्या एक तारखेला."

"तारीख नको," अण्णा म्हणाले. "वार सांगा."

"शनिवार!"

"अण्णा, शनिवारी पहाटेच गाठा त्याला," ताई म्हणाल्या. "तीन घटिका रात्र उरली असेल तर म्हणेल, अजून शुक्रवारच आहे."

बापूंच्या हातातला चहा हिंदकळला. गजा सगळ्यात मोठ्याने हसत होता. पैसे मात्र निख्याने दिले.