देवाला रक्त लागतं का? (एका कमेंटला उत्तर)

नमस्कार दादा. गुड फ्रायडेच्या, म्हणजे येशूच्या क्रुसावरच्या मरणाच्या दिवसाच्या, माझ्या पोस्टवर तुम्ही जे लिहिलंत त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर वाटलं नाही, म्हणून वेगळं लिहितोय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: आम्ही राखणदाराला (गावाची राखण करणाऱ्या देवाला) कोंबडा दिला की ती अंधश्रद्धा, आणि ख्रिस्ती लोकांच्या देवाला मात्र स्वतःच्या पोराचं रक्त लागतं; एकाचं पाप दुसऱ्याने फेडायचं हा कुठला न्याय, ज्याचं त्याने भोगावं; आणि वर चर्चमध्ये माफी मागून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायला मोकळे.

राखणीला मी अंधश्रद्धा म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. वेंगुर्ल्याच्या बाजूला वाढलेल्या माणसाला गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढची सगळ्यांची विनवणी, काय ते सांगावं लागत नाही, एक जण बोलतो आणि अख्खी वाडी "व्हय म्हाराजा" म्हणते, त्यात भीती असते तशी मायाही असते. पण तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच तागडीत टाकल्यात ना, तिथे मला थांबावंसं वाटतं, कारण देणारा कोण आणि घेणारा कोण हेच दोन्हीकडे उलटं आहे. राखणीत माणूस देतो आणि देवाने सांभाळावं म्हणतो. क्रुसावर देणारा देव आहे. येशूचा प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता (2 करिंथ 5:19), म्हणजे रुसलेल्या देवाची समजूत काढायची नव्हती, दुरावलेला माणूस होता आणि त्याला परत आणायला देव स्वतः निघाला होता. आणि येशू म्हणजे बापाने धरून आणलेलं मुकं पोर पण नव्हे, माझा प्राण माझ्याकडून कोणी घेत नाही, मी आपणहून देतो, असं तो स्वतः सांगतो (योहान 10:18).

देवाला रक्त लागतं का, तर बायबलच नाही म्हणतं. स्तोत्र 50 मध्ये देव विचारतो, मी काय बैलांचं मांस खातो, बोकडांचं रक्त पितो? लेवीय 16 मधला प्रायश्चित्ताचा दिवस एकदा नीट वाचा. दोन बोकड असतात. एकाचा बळी देऊन त्याचं रक्त पवित्रस्थानात शिंपडायचं, ते ती जागा लोकांच्या पापांपासून शुद्ध व्हावी म्हणून. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकाने हात ठेवून लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला जिवंत रानात सोडायचं. म्हणजे पापं ज्याच्यावर ठेवली त्याला वेदीवर मारतच नाहीत! लोकांच्या डोक्यात मात्र उलटंच बसलंय. आणि पुढच्याच अध्यायात (17:11) देव म्हणतो की वेदीवरचं रक्त हे मीच तुम्हाला दिलंय. देणारा तोच, अगदी त्या जुन्या नियमशास्त्रातसुद्धा.

तुमचा राग खरं म्हणजे एका विशिष्ट मांडणीवर आहे आणि तो राग चर्चच्या आतही जुनाच आहे. चौथ्या शतकात नाझियांझसच्या ग्रेगरीने सरळ विचारलं होतं की ख्रिस्ताच्या रक्ताची ही किंमत दिली तरी कोणाला, सैतानाला म्हणाल तर ते लाजिरवाणं, आणि पित्याला म्हणाल तर ज्याने अब्राहामाच्या हातून त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळीसुद्धा घेतला नाही त्याला पुत्राचं रक्त कसं आवडेल? मग 1098 च्या सुमाराला अँसल्म या धर्मपंडिताने सरंजामी काळाला साजेशी मांडणी केली, की माणसाने देवाचा मान बुडवला आणि ती भरपाई फक्त देव असलेला माणूसच करू शकतो. त्यानंतर काही दशकांनी आबेलार्ड हा दुसरा धर्मपंडित म्हणाला की निष्पापाचं रक्त किंमत म्हणून मागणं हे किती क्रूर. अगदी तुमचंच वाक्य की! सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन आला, तो कायदा शिकलेला, त्याच्याकडे सगळं कोर्टाच्या भाषेत आलं, न्यायाधीश, शिक्षा, बदली आरोपी, आणि आज रस्त्यावर वाटल्या जाणाऱ्या पत्रकांत बहुतेक तेच असतं. पण आम्ही कॅथलिक दर रविवारी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) म्हणतो त्या श्रद्धासूत्रात "आमच्यासाठी क्रुसावर खिळला गेला" एवढंच आहे, कसं आणि का याची एकच थिअरी त्यात बांधून दिलेली नाही.

तुमच्या बाजूने सगळ्यात जोरदार ओळ यशया 53:10 आहे, तिथे दुःख सोसणाऱ्या देवाच्या सेवकाबद्दल (ख्रिस्ती लोक त्यात येशूला बघतात) लिहिलंय, त्याला ठेचावं असं परमेश्वराच्या मनात होतं अशी, ती मी लपवत नाही. पण त्याच अध्यायात चौथी ओळ बघा, आम्हाला वाटलं की त्याला देवानेच मारलंय. असं वाटणारे "आम्ही" म्हणजे बघ्यांची गर्दी, आणि तो वाहत होता ती दुखणी त्यांचीच होती.

ज्याचं त्याने भोगावं, हे यहेज्केल 18 मध्ये तुमच्याइतकंच ठणकावून सांगितलंय, बापाचं पाप मुलगा वाहणार नाही. दोष असा या खिशातून त्या खिशात जात नाही हे मला मान्य आहे. पण भोग जातो ना दादा. एकाने दारू प्यायची आणि बायकोने, पोरांनी, म्हाताऱ्या आयेने भोगायचं, हे आपल्याकडे कोणत्या वाडीत नाही? पाप केलं एकट्याने तरी ते एकट्यावर कधी थांबत नाही. माझी श्रद्धा अशी आहे की त्या भोगणाऱ्यांच्या रांगेत देव स्वतः येऊन उभा राहिला, आणि त्याने तो मार परत न फिरवता स्वतःवर जिरवला. हे मी मनापासून मानतो, माझ्या घरात या एका गोष्टीवर माणसं तगली आहेत.

आता माफीचं. कुमसाराला (फादरपुढे पापांची कबुली द्यायला) जाऊन शेजाऱ्याचा बांध सरकवल्याचं सांगितलं तर फादर आधी विचारणार की दगड परत जागेवर ठेवलास का. कॅथलिक धर्मशिक्षणात हे लिहूनच ठेवलंय (परिच्छेद 1459), पापाची क्षमा मिळाली तरी झालेलं नुकसान भरून द्यावं लागतं, चोरलेलं परत करायचं, कोणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव परत चांगलं करायचं. जक्कय हा जकातदार तर चौपट द्यायला निघाला होता (लूक 19:8). मत्तय 5:23 मध्ये येशू सांगतो की वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. आता काही जण नुसती माफी घेऊन जमीन दाबून बसतात हे खरंच आहे, आणि त्यांना ही वचनं ऐकवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

गोव्यातल्या इन्क्विझिशनचंही (चर्चच्या धर्मन्यायालयाचं) तुम्ही शेवटी काढलंत. 1560 मध्ये सुरू झालं, माणसांचे हाल झाले, त्याचं समर्थन मी करणार नाही. मार्च 2000 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रद्धेच्या नावाखाली झालेल्या जबरदस्तीबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली, तेवढ्याने फिटलं असं मात्र मी म्हणत नाही.

आणि हे सगळं मानलं नाही तर तुमचा देव मला नरकात टाकणार का, असं विचारलंत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 1964 मध्ये लिहिलं की ज्यांना स्वतःच्या चुकीशिवाय सुवार्ता कळलेली नाही पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि विवेकाला धरून वागतात त्यांनाही तारण मिळू शकतं. क्रुसावर जे झालं ते तुमच्यासाठीही झालं असंच मी धरून चालतो, तुम्ही ते मानलंत तरी आणि नाही मानलंत तरी. यशया 53 वाचून परत लिहा, दहाव्या ओळीवर तुम्ही काय म्हणताय ते मला ऐकायचंय.