प्रतिक्रियेला उत्तर: पलंग दाराच्या किती पट?

नमस्कार जुने इंदूरकर,

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, सहीच तशी केलीत, म्हणून त्याच नावाने हाक मारतो. भाड्याच्या घराचा नक्शा कसा वाचावा यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली तुम्ही चांगलंच झापलंत. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: कार्पेट एरियाची, म्हणजे घराच्या आत वापरता येणाऱ्या जागेची, व्याख्याच मी चुकीची दिली. भाड्याचं घर ते अकरा महिन्यांचं, त्यात इंच-इंच मोजत बसणाऱ्या भाडेकरूला कोणता मालक दारात उभा करील? बिल्डरांसाठीचा रेरा कायदा आल्यापासून फूट फुगवून सांगायची लबाडी बंद झाली आहे. परदेशात असले प्रकार होत नाहीत. तुमच्या रामबागेतल्या वाड्यात दोन खोल्यांत सात माणसं सुखाने राहिली, तेव्हा कुणी फूट मोजले नाहीत. आणि जाता जाता एक टोला, की ड्राफ्ट्समन असून दलालांवर खापर फोडता, मग नक्शे काढतं कोण?

व्याख्येचं आधी संपवतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरायच्या नाहीत असं मी लिहून गेलो. रेराच्या व्याख्येत आतल्या विभाजक भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट (पाइप-वायरींची उभी पोकळी), फक्त त्याच फ्लॅटची असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची एवढं वगळतात. आमच्या पिढीत गालिचा अंथरता येईल तेवढं कार्पेट, असं तोंडपाठ झालेलं, तेच हातून उतरलं. फरक किती पडतो म्हणाल, तर खाली ज्या फ्लॅटबद्दल सांगणार आहे तिथे आतल्या भिंती सगळ्या मिळून साठेक फूट लांब, जाडी प्लास्टर धरून साडेपाच इंच. म्हणजे २७-२८ स्क्वेअर फूट. एक बाथरूम निघेल त्यात. चूक लहान नाही.

रेराचं मात्र तसं नाही. कायदा २०१६चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७पासून, आणि तो बिल्डरने फ्लॅट विकताना काय सांगायचं यासाठी आहे. तुमच्या-माझ्यासारख्याने आपला जुना फ्लॅट भाड्याने दिला की तो काही बिल्डर होत नाही. भाड्याच्या जाहिरातीत ११५० हा आकडा येतो कुठून? बहुतेक वेळा मालकाने दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या ब्रोशरमधून. तो सुपर बिल्टअपचा असतो. जिना, लिफ्ट, लॉबी, बाहेरच्या भिंती सगळं त्यात. मालक खोटं बोलत नसतो, त्याला तोच आकडा माहीत असतो. त्याने पैसेही तेवढ्याचेच मोजलेले असतात.

आता नक्शे काढतं कोण? मी काढले, साहेब. एकोणीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तेच केलं. मंजुरीचा नक्शा वेगळा आणि ब्रोशरचा वेगळा, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. मंजुरीच्या नक्शात पलंग-सोफा नसतो, भिंती आणि मापं असतात. ब्रोशरच्या नक्शात फर्निचर असतं आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'नॉट टू स्केल' असतं. एकदा एक बिल्डर माझ्या खुर्चीमागे उभा राहून स्क्रीनकडे बघत म्हणाला, "बेडरूम भरा-भरा लग रहा है, थोड़ा खुला करो." भिंत सरकवणं शक्य नव्हतं, म्हणून मी पलंग आकसवला. ऑटोकॅड या नक्शे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पलंग निवडायचा, स्केल कमांड द्यायची, ०.८५ टाकायचं, एंटर. सहा बाय साडेसहाचा पलंग पाच फूट एक इंच बाय साडेपाच फुटांचा झाला. त्यावर झोपणाऱ्याचे पाय बाहेर लोंबतील हे नक्शात कुठे दिसतंय? सोफ्याचं तेच केलं. डायनिंगच्या खुर्च्या तर अशा झाल्या की त्यांवर बालवाडीतलं पोरच बसावं. कपाटं काढलीच नाहीत. बिल्डर खूष झाला, सगळ्यांना कचोऱ्या मागवल्या. तेव्हा खापर फोडायचंच तर त्यातला एक तुकडा माझ्या डोक्यावर आहेच, आणि म्हणूनच हा विषय मला सुटत नाही.

मात्र पलंग आकसवणारा दार आकसवायला विसरतो. दार भिंतीत बसवलेलं असतं, त्याला हात लावला की भिंतीही सुधाराव्या लागतात, कंटाळा येतो. म्हणून नक्शावरचं दार बहुधा खरं असतं. बेडरूमचं दार तीन फुटांचं, म्हणजे नव्वद सेंटिमीटर. कागदाची पट्टी घ्या, बेडरूमच्या दाराची रुंदी तिच्यावर खूण करून घ्या आणि तीच पट्टी पलंगाच्या लांबीवर ठेवा. पलंग दाराच्या दुपटीहून थोडा जास्त भरला पाहिजे. दुपटीच्या आत आला तर पलंग धुण्यात आटलाय असं समजा. (बाथरूमचं दार घेऊ नका, ते अडीच फुटी असतं, हिशेब बिघडतो.)

दारापाशी पाव वर्तुळाची जी रेघ असते, दार कुठवर उघडतं ते दाखवणारी, ती पण बघा. ती गोलच असली पाहिजे. ती लांबट, अंड्यासारखी दिसली तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना किंवा जाहिरातीच्या चौकटीत बसवताना चित्र कुणीतरी एका बाजूने ताणलंय, मग त्यावरून कुठलंच प्रमाण धरू नका. एवढं घरबसल्या मोबाइलवर होतं. ह्यात मालकाला राग यायचं कारण नाही, कारण त्याला कळतच नाही.

आता ज्यावरून हे सगळं लिहायला घेतलं ते. माझ्या पुतणीने लग्नानंतर इंदुरात निपानियाकडे टू बीएचके भाड्याने घेतला. जाहिरातीत ११५०. दलाल म्हणाला, "अंकल, नक्शे में जो लिखा है वही है," आणि ते अक्षरशः खरं होतं, नक्शात तेच लिहिलं होतं. मी तेव्हा गावाला गेलेलो. सामान चढल्यावर टेप घेऊन गेलो तर खोल्या, स्वयंपाकघर, बाथरूम, मधला बोळ मिळून ८१० भरले. तुमच्या दुरुस्तीप्रमाणे आतल्या भिंती मिळवल्या तर ८३८. बाल्कनी वेगळी.

पण खरं सांगू, ते ३१२ फूट कमी निघाले याचं तिला काहीच वाटलं नाही. भाडं परवडत होतं, उजेड छान होता, दोघंच तर जीव. ती रडकुंडीला आली आठ इंचांमुळे.

नक्शावर दुसरी बेडरूम १० बाय ११. ही मापं भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत घेतलेली. एका बाजूला बाहेरची नऊ इंची भिंत, दुसऱ्या बाजूला आतली साडेचार इंची. दोन्हींच्या निम्म्या जाड्या आणि दोन्हीकडचं अर्धा-अर्धा इंच प्लास्टर वजा केलं की पावणेआठ इंच जातात. दुसऱ्या दिशेलाही तेच. खोली उरली साधारण ९ फूट ४ इंच बाय १० फूट ४ इंच. कागदावर ११० फूट, हातात सत्त्याण्णवच्या आत.

त्या खोलीत सहा बाय साडेसहाचा पलंग, डोकं लांब भिंतीला. पायथ्याशी उरले २ फूट १० इंच. समोरच्या भिंतीला वहिनींनी दिलेलं गोदरेजचं कपाट, पुढून मागे १९ इंच. मधे राहिले १५ इंच. आणि कपाट तीन फुटी, म्हणजे त्याचं एकेक दार १८ इंचांचं. उघडेना. नक्शातल्या दहा फुटांत हेच कपाट २३ इंच जागा मिळून आरामात उघडलं असतं. पलंगाशेजारी ठेवावं तर तिथे खोलीचंच दार उघडतं. पहिले दोन महिने पुतणी पलंगावर गुडघे टेकून, अर्धवट उघडलेल्या फटीतून साड्या ओढून काढायची. शेवटी कपाट हॉलमध्ये आलं, टीव्हीच्या शेजारी, आणि येणारा-जाणारा त्याच्या आरशात केस नीट करून जातो.

म्हणून मूळ लेखात मी एकूण फुटांपेक्षा सलग भिंतीवर जोर दिला होता. दार, खिडकी, कॉलमचा उठलेला कोपरा, यातलं काही न येता एका रेघेत किती भिंत मिळते ते बघा. टू बीएचकेमध्ये सात फुटांची एक भिंत प्रत्येक बेडरूमला आणि नऊ-दहाची एक हॉलला मिळाली तर ७५० फुटांचं घरही भरून राहतं. चार भिंतींना चार दारं असलेल्या हॉलचा, म्हणजे बाल्कनी, बोळ, स्वयंपाकघर आणि बाहेरचं दार, आकडा कितीही मोठा असो, तो रस्ताच आहे. सोफा मांडायचा तर रहदारीत.

आणि इथे तुमचा वाडा येतो. तुम्ही तो माझ्या विरोधात आणलात, मला मात्र तो माझ्या बाजूचा वाटतो. रामबागेतले वाडे मीही पाहिलेत, माझी आत्या तिथे राहायची. सात माणसं दोन खोल्यांत राहायची कारण सकाळी सहाला सगळ्या वळकट्या गुंडाळून कोपऱ्यात जायच्या. त्याच जमिनीवर आठला पाट मांडले जायचे, दुपारी पापड वाळायचे, संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसायची. कपडे खुंटीला, ट्रंका माळ्यावर, गप्पा ओट्यावर. खोली जेवढी होती तेवढी पूर्ण वापरात होती. आता आपण खोलीत डबल बेड ठेवतो आणि ३९ फूट चोवीस तासांसाठी देऊन टाकतो. वाड्यातल्या शंभर फुटांशी फ्लॅटच्या शंभर फुटांची तुलना करताना हे धरायला हवं. तुमचा मुलगा वळकटीवर झोपायला तयार असेल तर माझा लेख त्याने वाचायची गरज नाही.

परदेशाचं एकच सांगतो. माझा भाचा तोक्योत असतो. तिथे खोली चटयांच्या मापात सांगतात, सहा चटयांची, आठ चटयांची. त्यांची चटई म्हणजे तातामी. आता गंमत बघा: क्योतोकडची पारंपरिक चटई १९१ बाय साडेपंचाण्णव सेंटिमीटर, तोक्योकडची १७६ बाय ८८. सहा चटयांच्या खोलीत हाच फरक सतरा-अठरा स्क्वेअर फुटांचा होतो. म्हणून जाहिरातीसाठी नियम करावा लागला, की एक चटई म्हणजे निदान १.६२ चौरस मीटर धरा. नियम करावा लागला याचा अर्थ घोळ होतच होता. शिवाय फ्लॅटचं क्षेत्रफळ जाहिरातीत बहुधा भिंतीच्या मध्यापासूनच मोजलेलं. आमच्या निपानियासारखंच.

राहिला मालकाच्या रागाचा प्रश्न. "तुमचा फ्लॅट ११५० नाही" असं म्हणत टेप काढलीत तर कुणीही हाकलेल, मीही. "आईचं कपाट आहे, बसतंय का बघतो" म्हणा. मालक स्वतः टेपचं दुसरं टोक धरतो, आधीच्या भाडेकरूने पलंग कुठे ठेवला होता तेही सांगतो. तेही जमत नसेल तर फरशी मोजा. हल्लीच्या बहुतेक फ्लॅटांत ६०० मिलिमीटरच्या टाइल्स असतात, लोक दोन बाय दोन म्हणतात ती. मालकीणबाई पाण्याच्या वेळा सांगत असतात तेवढ्यात हॉल मोजून होतो. फक्त ती पूर्ण दोन फूट नसते. दहा टाइल्स म्हणजे वीस फूट नव्हे, १९ फूट ८ इंच.

फोटोंवर मी लेखात फार लिहिलं होतं, ते तुम्हाला कंटाळवाणं वाटलं. असेल. मोबाइलच्या ०.५, म्हणजे वाइड, लेन्सने काढलेल्या फोटोत कडेचा फ्रिज आडवा पसरलेला दिसला की बाकी फोटो बघूच नका, एवढं पुरे.

मूळ लेखातलं कार्पेटचं वाक्य आज सकाळी दुरुस्त केलं आणि खाली तुमच्या सहीचा उल्लेख केलाय. तुम्ही लिहिलंत की मुलगा सुपर कॉरिडॉरकडे फ्लॅट बघतोय आणि नक्शा आलाय. त्याला पट्टी घेऊन बसवा, पलंग दाराच्या किती पट भरतो ते इथे कळवा. आणि त्यांच्याकडे कपाट तीन फुटी आहे की चार, तेही लिहा, चार फुटीचं दार दोन फूट मागतं.