तुमची साइज ५४च

परवा मी एका सायकलच्या दुकानात शिरलो तेव्हा 'सर' होतो आणि बाहेर पडलो तेव्हा 'काका'. मधे गेला पाऊण तास. तेवढ्यात माणूस असा किती म्हातारा होईल? केस तेवढेच होते, चष्मा तोच होता. बदल एकच झाला होता, मी सायकल घेतली नव्हती.

ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगत बसत नाही. अशी खुळं नेहमी दुसऱ्यांच्या फोटोंतून शिरतात. दीड किलोमीटर पोहायचं, ४० किलोमीटर सायकल मारायची आणि मग १० किलोमीटर पळायचं, हे त्यातल्या त्यात माणसांचं अंतर. (ज्यांना माणसांत राहायचं नसतं त्यांच्यासाठी ३.८, १८० आणि ४२.२ असं आयर्नमन आहे.) पोहण्याच्या सरावासाठी पाण्यात उतरावं लागतं, पळण्याच्या सरावासाठी पहाटे उठावं लागतं. सायकलचा अभ्यास मात्र अंथरुणात लोळत करता येतो. तो मी दोन महिने केला. वजन, फिट आणि हवेचा अडथळा या तीन विषयांत कोणीही काहीही विचारावं, अशा तयारीने दुकानात गेलो. कोणी काही विचारलं नाही.

"सर, उचलून बघा," काउंटरवरचा मुलगा म्हणाला आणि त्याने ती काळी कुळकुळीत सायकल गोवर्धन उचलावा तशी एका बोटावर उचलून दाखवली.

सायकल उचलून का बघायची हे मला कधीच कळलेलं नाही. उचलायचं काम सायकलने करायचं असतं. पण जगातली प्रत्येक महागडी सायकल अशीच विकली जाते, कारण वजन बोटाला लगेच कळतं. फिट कळायला तीन तास बसावं लागतं आणि हवा तर दिसतच नाही. खरं म्हणजे हिशेब सोपा आहे. एक किलो वजन १०० मीटर उंच चढवायला ९८१ ज्यूल लागतात. माझे पाय २०० वॉट काढतात असं धरलं (धरायला काय जातंय), तर हे पाच सेकंदांचं काम. म्हणजे एक किलोने हलकी सायकल घेतली की १०० मीटरच्या चढावर पाच सेकंद वाचले. सपाटीवर जवळजवळ शून्य. आणि एवढं करून माणूस तिला पाऊण लिटर पाण्याची बाटली लावतो.

हे सगळं मी त्या मुलाला सांगणार होतो. पण तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्याने सायकल उचलली.

"हलकी आहे हो!"

हात एका गृहस्थांचा होता. त्यांच्या नातीची गुलाबी सायकल पंक्चर झाली होती. मागे आधाराची दोन चाकं, पुढे बास्केट, हँडलला चमचमत्या झिरमिळ्या. मेकॅनिक ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता, नात स्टुलावर पाय हलवत बसली होती आणि आजोबा मोकळे होते. मोकळ्या माणसाइतकं धोकादायक दुसरं काही नाही.

"पण हिचं पायडल कुठंय?"

"पेडल येत नाहीत काका या सायकलला," मुलगा म्हणाला. इथे 'काका' ते होते हे नोंदवून ठेवा.

"येत नाहीत म्हणजे? मागाहून येतात?"

"वेगळे घ्यायचे. ज्याचे जसे शूज असतील तसे."

"म्हणजे सायकल घ्यायची, ती घरी नेऊन भिंतीला टेकवायची आणि मग पायडल आणायला परत यायचं?"

यात खोटं काही नव्हतं. या सायकलींची जी वजनं छापतात ती पेडलशिवायची, बाटलीच्या स्टँडशिवायची असतात. म्हणजे जी सायकल कोणीच कधी चालवणार नाही तिचं ते वजन. मी तसं म्हणालो. गृहस्थांना माझ्या रूपाने साक्षीदार मिळाला आणि त्यांनी उलटतपासणी चालू केली.

"स्टँड?"

"नाही."

"घंटी?"

"नाही."

"मडगार्ड, कॅरिअर?"

"नाही काका. या रेसिंगच्या."

"मग आहे काय हिच्यात?"

"कार्बन," मुलगा म्हणाला.

गृहस्थ बराच वेळ त्या कार्बनकडे बघत राहिले. मग त्यांना मागचं चाक दिसलं. त्याला आरे नव्हते, सबंध बंद चकती होती. "हे चाक आहे का परात?" मुलगा म्हणाला, हे हवा कापतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अशी बंद चाकं हवाईतल्या आयर्नमनला चालत नाहीत, तिथे बाजूने येणारा वारा सायकलसकट माणसाला ढकलतो. मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'सर' थोडा कमी झाला असावा.

"सर, आपण तुमचं माप घेऊ."

सायकलच्या मापासाठी पायाची आतली लांबी लागते. भिंतीला पाठ लावून, चप्पल काढून उभं राहायचं, दोन पायांमध्ये एक पुस्तक धरायचं आणि ते सीट वर दाबतं तितक्या जोराने वर ओढायचं. घरी बंद दाराआड मी हे केलं होतं. इथे पुस्तक नव्हतं म्हणून मुलाने बिलबुक आणलं. दुकानाच्या मधोमध, एका सहा वर्षांच्या मुलीसमोर, मी बिलबुकावर स्वार होऊन उभा राहिलो. टेपचं खालचं टोक धरायला गृहस्थ आपणहून वाकले.

"अजून वर घ्या," ते खालून म्हणाले. "लाजू नका."

७९ सेंटिमीटर. याला ०.८८३ ने गुणलं की पेडलच्या मधल्या आसापासून सीटची उंची मिळते, म्हणजे ६९.८. हा जुना ठोकताळा आहे, सुरुवात करायला बरा. पण फ्रेम कोणती घ्यायची ते त्यावरून ठरत नाही. माझे पाय आखूड आणि धड लांब आहे. काही जणांचं उलट असतं, उंची मात्र एकच. म्हणून फ्रेम बघताना त्या मधल्या आसापासून हँडलची नळी किती उंच आणि किती पुढे आहे ते बघतात. स्टॅक आणि रीच. कंपनी बदलली की ५४ नंबरच्या फ्रेमचा अर्थ बदलतो, या दोन आकड्यांचा बदलत नाही. मी दोन्ही आकडे कागदावर लिहून नेले होते. खिशातून कागद काढला.

मुलाने कागद पाहिला नाही. त्याने ७९ हा आकडा एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिला, त्याच्याकडे डॉक्टर एक्सरेकडे बघतात तसं बघितलं आणि म्हणाला, "सर, तुमची साइज ५४च."

भिंतीवर तीन सायकली होत्या. तिन्ही ५४.

मग त्याने मला सायकलवर चढवलं. मागचं चाक एका घोडीत अडकवलेलं. त्यासाठी कुठूनसे पेडल आणून लावले, गृहस्थांनी ते हातात घेऊन वजन करून पाहिले. ट्रायथलॉनच्या सायकलला सीट बरीच पुढे असते. साध्या रेसिंग सायकलची सीटची नळी ७३ अंशांच्या आसपास तिरकी असते, हिची ७६ ते ८०. अख्खा माणूस पेडलभोवती पुढे फिरवला की पाठ खाली जाते, पण कंबर आणि मांडीमधला कोन मिटत नाही, आणि उतरल्यावर पळायला पाय थोडे शिल्लक राहतात. हे कागदावरचं. प्रत्यक्षात मी कोपरं हँडलवरच्या गाद्यांवर टेकली, हात पुढे जोडले आणि पहिल्याच फेरीत मांडी वर येऊन पोटाला भेटली. दोघांची ओळख नव्हती.

"आता फ्रंटल एरिया बघू," मुलगा म्हणाला आणि त्याने फोन गृहस्थांच्या हातात दिला. "काका, समोरून एक फोटो काढा."

त्यांनी तीन काढले. मग फोन लांब धरून, चष्मा कपाळावर चढवून नीट बघितले.

"साहेब, राग मानू नका," ते म्हणाले, "पण समोरून तुम्ही दरवाजासारखे दिसता."

मी काही बोललो नाही.

"म्हणजे बंद नाही. अर्धवट लोटलेला."

राग मला याचा आला की हे बरोबर होतं. ताशी ४० च्या वेगाला सपाट रस्त्यावर ऐंशी टक्के किंवा जास्तच जोर हवा सारण्यात जातो, आणि त्या अडथळ्यातला साधारण पाऊण वाटा वर बसलेल्याचा असतो. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झगडायला ताकद आठपट लागते. दोन महिने मी नळ्यांचे आकार वाचत होतो आणि हा माणूस एका फोटोत मुद्द्यावर आला होता.

अब्रू वाचवायला मी इतिहासात शिरलो. त्याच अवस्थेत, कोपरं टेकून, मान वर करून सांगितलं, की १९८९च्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. उरले होते वर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटर, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध. त्याने ट्रायथलॉनवाल्यांचे हे असेच एरोबार, म्हणजे कोपरं टेकून धरायचे पुढचे दांडे, लावले, निमुळतं हेल्मेट घातलं. पुढे असलेला फिन्यों उघड्या डोक्याने, पोनीटेल उडवत. सव्वातीन हजार किलोमीटरची शर्यत लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली.

"आठ सेकंद," गृहस्थ म्हणाले. "तेवढ्यात मला दुसरी चप्पल सापडत नाही."

मग मी ग्रॅम ओब्री काढला. स्कॉटलंडचा माणूस, सायकल स्वतः बनवलेली, तिच्यात वॉशिंग मशीनची बेअरिंग. छातीखाली हात दुमडून बसायचा. १९९३ साली तासात ५१.५९६ किलोमीटर गेला, विश्वविक्रम. पुढच्या वर्षी सायकलिंगच्या जागतिक संघटनेने तसं बसण्यावरच बंदी घातली.

"साहजिक आहे," गृहस्थ म्हणाले. "मशीन घरच्यांना लागत असेल."

इकडे माझ्या मानेला रग लागली होती आणि करंगळ्या बधिर होत होत्या. मी मुलाला म्हटलं, बाबा रे, हँडल लांब पडतंय, यापेक्षा लहान फ्रेम दाखव किंवा निदान हँडल धरणारा पुढचा तुकडा, तो स्टेम, बदलून बघू.

"सवय होईल सर."

इथे माझं डोकं फिरलं आणि ते अजून जागेवर आलेलं नाही. सवय होईल! चष्म्याची दांडी कानाला रुतते, सवय होईल. बूट चावतो, घालून घालून सैल होईल. ऑफिसच्या खुर्चीत पाय अधांतरी लोंबतात, सवय होईल. कपड्यांवर 'फ्री साइज' लिहितात, त्यात ना फ्री काही असतं ना साइज. माल एकाच मापाचा आणायचा आणि माणसं ठोकून त्या मापाची करायची, याला धंदा म्हणतात. बरं, माप घ्यायचंच नव्हतं तर घेतलंत कशाला? मला त्या बिलबुकावर चढवलंत कशाला? माझं ७९ कुठे गेलं म्हणून पाहिलं, तर मेकॅनिकने तो पुठ्ठा गुलाबी सायकलखाली ग्रीस सांडू नये म्हणून पसरला होता. साताचं पोट तेलात भिजून काळं झालं होतं.

मी उतरलो. उतरताना पाय सीटवरून पलीकडे जाईना, तेव्हा गृहस्थांनी सायकल धरली. "विचार करून सांगतो," मी म्हटलं.

"हो काका," मुलगा म्हणाला, आणि फोनमधले माझे फोटो एकेक करून पुसले.

मेकॅनिकने चाक बसवलं होतं. त्याने नातीला सीटवर ठेवलं, म्हणाला, "टाच पायडलवर ठेव. आता पाय सरळ कर. गुडघा वाकतोय?" वाकत होता. सीट दोन बोटं वर घेतली, नट आवळला. "आता?" ती म्हणाली, बरोबर. दीड मिनिट लागलं असेल.

मी चप्पल शोधत होतो. माझ्या मागे गृहस्थ काउंटरवर दोन घंट्या वाजवून बघत होते. त्यांनी मोठ्या आवाजाची घेतली.

"थँक यू सर!" मुलगा म्हणाला.

सवयीने मी वळून पाहिलं. मी दारातच उभा होतो, एक चप्पल पायात आणि एक हातात. समोर झिरमिळ्या लावलेलं हँडल आलं आणि नवीकोरी घंटी माझ्यावर सणसणून वाजली.