टीव्हीवाले तुमची टर उडवतायत? मग हे करा

समजा तुम्ही मोठे साहेब आहात, खुर्ची आहे, मागेपुढे गाड्या आहेत, आणि रात्री टीव्हीवर कुणीतरी दोन पोरं तुमची यथेच्छ टर उडवतायत. पहिला सल्ला, चिडायचं नाही. चिडायला चॅनलवाले आहेत ना, त्यांना त्याचाच पगार मिळतो.

अमेरिकेत 1967 ला सीबीएसवर स्मदर्स ब्रदर्स आले. लाल ब्लेझर घातलेले दोन कॉमेडियन भाऊ, एकाकडे गिटार, दुसऱ्याकडे डबल बास, कुणाच्याही आईला आवडतील असे, आणि बघता बघता व्हिएतनाम युद्धावर बोलायला लागले की! चॅनलने पीट सीगरचं युद्धविरोधी गाणं कापलं, बोंबाबोंब झाल्यावर 1968 च्या फेब्रुवारीत एकदाचं दाखवलं. हॅरी बेलाफॉन्टेच्या गाण्यामागे शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनातल्या राड्याचं फुटेज होतं, ते गाणं मात्र कापलं ते कापलंच, आणि वर त्या एपिसोडला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निक्सनच्या प्रचाराची पाच मिनिटं लावली. अख्ख्या सीझनमधला सगळ्यात भारी जोक हाच असणार आणि तो केला कुणी तर चॅनलने, तेही न हसता! एप्रिल 1969 ला शोच बंद. दोन महिन्यांत त्याच शोच्या लेखकांना एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, 1973 ला भाऊ कोर्टात जिंकले, पण सीबीएसवर शो परत यायला 1988 उजाडलं. तर बघा, तुम्हाला बोटसुद्धा हलवावं लागत नाही.

दुसरा सल्ला, सरळ त्यांच्यात जाऊन बसा. सप्टेंबर 1968 मध्ये निक्सन एनबीसीच्या लाफ-इन या कॉमेडी शोवर गेला, तिथे 'सॉक इट टू मी' म्हणणाऱ्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी पडायचं नाहीतर पायाखालचा दरवाजा उघडायचा, निक्सनने ते चार शब्द चेहरा वेंगाडून प्रश्न विचारल्यासारखे म्हटले आणि कोरडाच घरी गेला. (शोचा एक लेखक त्याचा दोस्तच होता म्हणा.) समोरचे उमेदवार हम्फ्री काही गेले नाहीत. नोव्हेंबरात कोण निवडून आलं ते माहितीये.

प्रकृती बघून घ्या मात्र. सॅटर्डे नाइट लाइव्ह या कॉमेडी शोमध्ये चेव्ही चेस राष्ट्राध्यक्ष फोर्डची नक्कल म्हणून दर वेळी धडपडायचा, फोर्डसाहेबांनी 1976 मध्ये आपला प्रेस सेक्रेटरीच तिथे होस्ट म्हणून पाठवला, स्वतःही वाक्यं रेकॉर्ड करून दिली, आणि त्याच वर्षी निवडणुकीत पडले. ट्रम्पना हाच डोस लागू पडला, 2015 ला स्वतः होस्ट, पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

तिसरा सल्ला चॅनलच्या मालकांसाठी. बंडखोर एकदम सगळे हाकलू नका, थोडे विकायला ठेवा. जुलै 2025 मध्ये त्याच सीबीएसने कॉमेडियन स्टीफन कोलबेअरचा शो बंद करायची घोषणा केली, कारण काय तर निव्वळ आर्थिक! सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटने खटला मिटवायला ट्रम्पशी केलेल्या 1.6 कोटी डॉलरच्या तडजोडीला त्याने नुकतंच शोमध्येच लाच म्हटलं होतं, पण तो योगायोग हो. आणि त्याच पॅरामाउंट कंपनीने त्याच महिन्यात साउथ पार्क या कार्टून शोवाल्यांशी पाच वर्षांचा करार केला, आकडा 150 कोटी डॉलरचा सांगतात. त्यांनी लगेच पहिल्याच एपिसोडला ट्रम्पना नागडं दाखवलं, कंपनीलाही सोडलं नाही.

व्हाइट हाउसने यावर रीतसर निवेदन काढलं, की या शोला गेली वीस वर्षं कुणी विचारत नाही. घ्या, पहिलाच सल्ला विसरले.